बोटीपुरती केळी

गेल्या महिन्यात एका रात्री कुकर लावला होता आणि ओट्यावर, मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये, रुनस्केप नावाच्या खेळात, मी झाडं तोडत होतो. म्हणजे मी नव्हे, माझा माणूस. ड्रेनॉर नावाच्या खेड्यात बँकेच्या खालच्या अंगाला पाण्याच्या कडेनं विलोची झाडं आहेत. झाडावर एकदा बोट टेकवलं की माणूस आपलाआपण कुऱ्हाड घालत राहतो, झाड आडवं झालं की हात खाली सोडून उभा राहतो, कुणी सांगेपर्यंत. तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद केला, आमटीला फोडणी घातली, लसूण जरा जास्तच लाल झाला म्हणून स्वतःवर चिडलो आणि मग फोनकडे बघितलं. माणूस उभाच. खालच्या गप्पांच्या चौकटीत एक ओळ येऊन पडलेली. शेजारी झाड तोडणाऱ्या कुणीतरी विचारलं होतं, "डब्ल्यूसी लेव्हल?" लाकूडतोडीत कुठवर पोचलास, एवढाच त्याचा अर्थ. मी ओल्या बोटांनी घाईघाईनं 34 टाइप केलं. पण विचारणारा निघून गेला होता. मधे चार मिनिटं तरी गेली असतील.

यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. तरी जेवताना तेच डोक्यात, भांडी घासतानाही तेच. कारण आम्ही खेळायचो तेव्हा हा प्रश्न माहितीसाठी कुणी विचारायचंच नाही. गल्लीतून जाताना ओट्यावरच्या आजी "जेवलास का रे?" विचारतात, तसा तो होता. त्याला काहीतरी उत्तर द्यायचं आणि उलट विचारायचं, "तुझी?" मग तो सांगणार, मग आपण "वा" म्हणणार, आणि दोन अनोळखी माणसं अर्धा तास एकाच झाडाला कुऱ्हाड लावून उभी राहणार. त्या रात्री कुणीतरी मला तसं हटकलं आणि मी लसणाकडे बघत होतो.

ज्यांनी रुनस्केप खेळलं आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी खेळलं नाही त्यांना सांगून फार काही हाती लागेल असं नाही. केंब्रिजच्या जेगेक्स कंपनीचा खेळ, अँड्र्यू आणि पॉल गॉवर या भावांनी उभा केलेला, 4 जानेवारी 2001 ला सुरू झालेला. पण आमच्यापर्यंत तो पोचला त्याचं कारण अगदी किरकोळ होतं. तो मशीनमध्ये टाकावा लागायचा नाही. ब्राउझर उघडायचा, पत्ता टाइप करायचा, जावा नावाचं जोडकाम असलं की झालं. सांगलीत स्टँडजवळ आम्ही जायचो त्या कॅफेत कुठल्याच मशीनवर काही टाकायची परवानगी नव्हती. सीडी ड्राइव्हच्या तोंडावर कॅफेवाल्या काकांनी चिकटपट्टी लावली होती. जे काही खेळायचं ते खिडकीतल्या खिडकीत. बाकीची पोरं ऑर्कुटवर असायची. मी आणि माझा मामेभाऊ, आम्ही दोघंच मशालींच्या पडद्यासमोर बसलेलो असायचो. लॉगिनच्या त्या पडद्यावर दोन बाजूंना दोन मशाली जळत असायच्या आणि लाइन मंद असली की त्या ज्वाळासुद्धा अडखळत जळायच्या.

तासाला 15 रुपये, अर्ध्या तासाला 10. वहीत नाव, वेळ, सही. प्लायवूडचे खण, त्यांना छातीइतक्या उंचीची दारं, दारांवर पेनानं कोरलेली बदामं. माऊसमध्ये तेव्हा रबरी गोळी असायची. ती काढून आतल्या चाकांवरची काळी वात नखानं खरवडली की पहिली दोन मिनिटं माऊस लोण्यासारखा चालायचा. की-बोर्डवरची ए, एस आणि ई ही अक्षरं पुसली गेलेली. पंखा सगळ्यांचा मिळून एकच, आणि तो काकांकडे तोंड करून. वेळ संपत आली की काका जागचे न उठता पट्टीनं प्लायवर दोन ठोके मारायचे. एवढ्या वर्षांनी अजूनही कुणी टेबलावर बोटांनी टकटक केली की माझा हात आपोआप काहीतरी आवरायला जातो.

आणि लोडशेडिंग. 2006-07 चं महाराष्ट्रातलं लोडशेडिंग ज्यांनी काढलं त्यांना वेळापत्रक अजून पाठ असेल. वीज गेली की इन्व्हर्टरवर काकांचं स्वतःचं आणि आणखी एक मशीन चालायचं, बाकी सगळे पडदे एका क्षणात काळे. पण तिकडे कंपनीच्या सर्व्हरला सांगलीची वीज गेल्याचं कळत नसे. झुंज चालू असताना पडदा गेला तर आपला माणूस तिथे तसाच काही वेळ मार खात उभा राहायचा. ही कल्पना मला तेव्हा सहन व्हायची नाही. अंधारात, घामानं चिकट झालेल्या खुर्चीत बसून मी डोळ्यांपुढे आणायचो: तो उभा आहे, त्याला गॉब्लिन बदडताहेत, आणि तो माझ्याकडे बघतोय.

'माझ्याकडे' म्हणतो खरा, पण तो आमचा होता. दोघांचा मिळून एक. मामा मिरजेला राहायचा, आम्ही सांगलीत; मधे दहा किलोमीटर आणि सिटी बस. दोन माणसं वेगवेगळी वाढवायची तर पैसे कुठून आणायचे, म्हणून एकच काढला. नावात जास्तीत जास्त बारा अक्षरं बसायची. बऱ्याच खाडाखोडीनंतर 'कृष्णाकाठ' ठरलं, रोमन लिपीत अकरा अक्षरं, एक अक्षर शिल्लक राहिल्याचं समाधान. खाती वाटून खेळणं नियमात बसत नव्हतं हे आम्हाला ठाऊक होतं. वार ठरलेले: सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे, मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याचे. रविवारी मामाकडे गेलो की एकाच खुर्चीत दोघं, एक बूड आत, एक बाहेर.

या वाटणीतली खरी मजा अशी की आपण नसताना आपला माणूस जगायचा. सोमवारी मी त्याला लम्ब्रिजच्या किल्ल्यात उभा करून उठायचो आणि बुधवारी बघावं तर तो वॅरॉकमध्ये, डोक्यावर एक टोपी, बँकेत कुठूनतरी आलेली 140 हाडं. कशासाठी हाडं? विचारायला मोबाइल नव्हते. लँडलाइनवर फोन केला तर मामी घ्यायची. मग पोथी वाचावी तसं आपणच सामानावरून ताडायचं: हाडं आहेत म्हणजे हा गायी मारत बसला असणार, नाणी कमी झालीत म्हणजे टोपी विकत घेतलेली दिसते. पत्रातून माणूस कळतो असं जुने लोक म्हणतात. मला माझा भाऊ बँकेतल्या सामानावरून कळत गेला. मी कंजूष होतो, ओंडका-ओंडका जमवणारा. तो उधळ्या होता, आणि प्रवासी.

त्या प्रवासीपणाचा कळस करामजाला झाला. पोर्ट सॅरिमहून करामजा बेटाला जायला बोटीचं भाडं 30 नाणी आणि परत यायलाही 30. तिकडे मासेमारीचा धक्का आहे, लेव्हल 40 झाली की लॉबस्टर पकडता येतात, आणि त्या काळी फुकट खेळणाऱ्या आमच्यासारख्यांना चार पैसे गाठीला बांधायचे तर लॉबस्टरसारखं दुसरं काही नव्हतं. एका बुधवारी मी लॉगिन झालो तर माणूस करामजाच्या वाळूत उभा आणि खिशात शून्य. भावानं मंगळवारी जायचं भाडं भरलं होतं, यायचं ठेवलंच नव्हतं. आता बेटावरून सुटायचा मला ठाऊक असलेला मार्ग एकच. तिथे लुथस नावाच्या इसमाची केळीची बाग आहे. झाडांवरची केळी तोडायची, त्याच्या घराजवळच्या खोक्यात दहा भरायची, मग तो 30 नाणी देतो. म्हणजे बरोब्बर बोटीपुरतेच. मी 15 रुपये मोजून सांगलीच्या कॅफेत बसलो आणि एका इंग्रजी बेटावर रोजंदारीनं केळी तोडली. तीही घाईघाईत, कारण लाइन इतकी मंद की एक केळं तुटायला मिनिट लागत होतं. शेवटी जकातवाल्यानं रम लपवलीय का म्हणून अंगझडती घेतली आणि मी बोटीत पाऊल ठेवतोय तोच प्लायवर दोन ठोके पडले.

शुक्रवारी मी त्याचा सूड घेतला. जायचं भाडं तेवढं ठेवून बाकी सगळी नाणी बँकेत टाकली, माणसाला परत करामजाला नेलं आणि केळीच्या बागेत उभा करून आलो. पुढचे दोन महिने आमच्यात हेच चाललं. आता विचार करतो तर वाटतं, लॉबस्टरपेक्षा आम्ही केळीच जास्त तोडली असतील.

खेळानं इंग्रजी शिकवलं असं अनेक जण सांगतात. मला शिकवलं नाही, हाकलून दिलं. झाड तोडताना, मासे मारताना मधेच एक सँडविचवाली बाई यायची. कुणी यंत्राकरवी खेळत नाही ना, हे तपासायची ती युक्ती होती. ती ताटात सात-आठ पदार्थ दाखवायची आणि म्हणायची, बगेत घे. बगेत म्हणजे काय? 2006 साली सांगलीत मला पाव, खारी, टोस्ट आणि नानकटाई एवढ्या वस्तू ठाऊक होत्या. मी अंदाजानं त्रिकोणी काहीतरी उचललं, बाईनं डोक्यात हाणून मला कुठल्यातरी अनोळखी ठिकाणी नेऊन टाकलं. उलट, गप्पांमध्ये कुणी इंग्रजी शिवी लिहिली की तिच्या जागी चांदण्या उमटायच्या, पण त्या चाळणीला मराठी येत नव्हतं. भाऊ तिथे मिरजेच्या बाजारातलं सगळं भांडार रोमन लिपीत मोकळं करायचा आणि पलीकडचा कुणी परदेशी पोरगा त्याला विचारायचा, हे तुमच्या भाषेत नमस्कार का? भाऊ म्हणायचा, हो.

पहिल्याच कामगिरीत लम्ब्रिजच्या आचाऱ्याला एक अंडं, बादलीभर दूध आणि भांडंभर पीठ आणून द्यायचं असतं, ड्यूकच्या वाढदिवसाच्या केकसाठी. पीठ म्हणजे आधी शेतातून गहू आणायचा, पवनचक्कीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर चढून हॉपरमध्ये ओतायचा, दांडा ओढायचा, मग खाली उतरून पीठ भरून घ्यायचं. हे मला कुणी समजवावं लागलं नाही. आमच्या गल्लीतल्या गिरणीत स्टुलावर चढून मी दर आठवड्याला तेच करत होतो, फक्त पट्ट्याचा तो फटफट आवाज आणि गरम पिठाचा वास तिकडे नव्हता.

लेव्हल 99 म्हणजे शेवटची पायरी, तिला 1,30,34,431 अनुभव लागतो. आकडा मला अजून पाठ आहे. त्याच वर्षी शिकलेली बीजगणिताची सूत्रं नाहीत. या तक्त्याची खोच अशी की अर्धी वाट लेव्हल 92 ला होते. पहिल्या 91 पायऱ्यांना जेवढं खपावं लागतं जवळपास तेवढंच शेवटच्या सातांना. विलोच्या एका ओंडक्याला साडेसदुसष्ट. भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर मी भागाकार केला होता: एक लाख त्र्याण्णव हजार ओंडके. त्याखाली भावाच्या अक्षरात लिहिलंय, 'लका, तेवढ्यात खरी झाडं लावून तोडून होतील.' त्या जगाचा ठोका 0.6 सेकंदांचा; त्याहून घाईनं तिथे काही घडतच नाही. दहा मशीन एका लाइनवर चालवणाऱ्या कॅफेत तो ठोका आम्हाला सोसायचा. पण त्यातला प्रत्येक ठोका विकत घेतलेला होता, आणि म्हणूनच, मला वाटतं, शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलणं आम्ही टाळायचो नाही. पैसे भरून बसलेल्या मैफलीत कोण डुलक्या काढतो?

आता चिलखताचं सांगायला हवं. इतकी वर्षं ते कुणाला सांगितलेलं नाही.

2007 च्या उन्हाळ्यात लॉबस्टर विकून विकून आम्ही अॅडमंट नावाच्या धातूचं पूर्ण चिलखत केलं. शिरस्त्राण, छातीचं कवच, पायांचं, ढाल. हिरवट रंगाचं. तेव्हा मोठा बाजार म्हणून वेगळी जागा नव्हती. वॅरॉकच्या बँकेजवळ माणसं उभी राहून ओरडायची, आणि आम्ही एका रविवारी दोघं एका खुर्चीत बसून, घासाघीस करून एकेक नग घेतला. ज्या दिवशी चारही नग अंगावर चढले त्या दिवशी आम्ही त्या माणसाला कुठेही नेलं नाही. किल्ल्यासमोरच्या पुलावर उभा केला आणि बघत बसलो. मामी म्हणाली, एवढं काय बघताय, हलत तर नाहीये.

दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरात, मी एकटा होतो. कुणीतरी आला आणि म्हणाला, तुझ्या चिलखताला सोनेरी काठ लावून देतो, फुकट. काठाचं चिलखत असतं हे मला माहीत होतं, पैसे भरून खेळणाऱ्यांकडे मी ते पाहिलं होतं. त्यानं देवघेवीची चौकट उघडली. मी चारही नग आत ठेवले. त्या खेळात देवघेव दोनदा कबूल करावी लागते. दुसऱ्या चौकटीत तुम्ही काय देताय आणि बदल्यात काय मिळतंय हे स्पष्ट लिहिलेलं असतं. माझ्या बाजूला चार ओळी होत्या. समोर लिहिलं होतं, 'ॲब्सोल्यूटली नथिंग!' बिलकूल काहीही नाही, आणि वर उद्गारचिन्ह. ते मी वाचलं. मला त्याचा अर्थ समजला. आणि तरीही मी 'कबूल' दाबलं, कारण काठ लावायला आधी नेणारच ना, असं काहीतरी मी स्वतःला सांगितलं. साडीला फॉल-पिको करायला देतो तेव्हा दुकानदार बदल्यात काय देतो?

तो गेला. मी त्या जागी उरलेला सगळा तास उभा राहिलो. येईल म्हणून.

भावाला मी सांगितलं, हॅक झालं. कुणीतरी पासवर्ड मारला. तुझ्याकडच्या कॅफेतून गेला असणार, माझ्याकडे तर काका कुणाला फिरकू देत नाहीत. हे इतकं सहज तोंडातून आलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. मिरजेच्या त्या कॅफेत भावाच्या शेजारच्या मशीनवर एक मुलगा बसायचा, आमच्याच वयाचा, टाइप करताना नेहमी याच्या पडद्याकडे बघणारा. भावानं त्याला धरलं. आई-बापावरून झालं, कॉलर झाली. कॅफेवाल्यानं त्या मुलाची बाजू घेतली आणि भावालाच सांगितलं, पुन्हा दिसू नकोस. मिरजेत त्याच्या सोयीचं दुसरं कॅफे नव्हतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार रिकामे झाले. मला ते सगळे वार मिळाले आणि मी त्यातला एकही वापरला नाही. दहावीचं वर्ष होतं, ते कारण सगळ्यांनाच पटलं.

गंमत अशी की त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 2008 च्या जानेवारीच्या सुरुवातीला, खेळातली एकतर्फी देवघेवच बंद झाली. खऱ्या पैशांत सोनं विकणाऱ्या टोळ्यांना आळा घालायला कंपनीनं असं केलं की दोन्ही बाजूंचा माल साधारण सारख्या किमतीचा नसेल तर व्यवहार पुरा होईना. खेळणारे भयंकर संतापले. मित्राला साधी भेटही देता येईना. 2011 च्या फेब्रुवारीत ती बंदी उठली. मला हे सगळं फार नंतर कळलं आणि पहिला विचार अगदी क्षुद्र आला: दिवाळी दोन महिने उशिरा असती तर.

पुढे 2013 मध्ये त्यांनी मतदान घेतलं, जुना खेळ परत आणायचा का म्हणून. साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि कुठल्यातरी कपाटात जपलेली, ऑगस्ट 2007 ची प्रत बाहेर काढून त्यांनी ते जग जसंच्या तसं पुन्हा चालू केलं. ऑगस्ट 2007. त्या महिन्यात आमचं चिलखत बँकेत होतं. भाऊ मंगळवारी खेळत होता. पण प्रत जगाची काढली, माणसांची नाही. तिथे प्रत्येकानं पुन्हा अंगठ्याएवढं होऊन शिकवणीच्या बेटावरून सुरुवात करायची. झाडं तीच, गॉब्लिन तेच, किल्ल्याभोवती अखंड फेऱ्या मारणारा तो म्हातारा हान्स तोच. त्याला विचारलं तर तुम्ही इथे येऊन किती दिवस झाले ते तो सांगतो. मला म्हणाला, नऊ.

ब्राउझरमध्ये मात्र आता काही नाही. क्रोमनं 2015 मध्ये जावाचं ते जोडकाम काढून टाकलं, पाठोपाठ इतरांनी. 2018 च्या ऑगस्टात सगळ्यात पहिला, अगदी मूळचा खेळही कायमचा मिटला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात 2007 चं जग फोनवर आलं. मी त्यात यंदा उतरलो, तेही पाठदुखीनं सुट्टीवर असताना. नाव टाकलं, कृष्णाकाठ. उत्तर आलं, हे नाव आधीच कुणीतरी घेतलेलं आहे. ते कुणीतरी म्हणजे आम्हीच होतो. जुना पासवर्ड दोघांपैकी एकाला आठवत असेल तर तो मी नव्हतो. मग नावापुढे 2 लावलं.

एका गोष्टीनं मला फार चकवलं. लम्ब्रिजमध्ये पाऊल टाकलं तेव्हा बासरीसारखं मऊ संगीत सुरू झालं. या सुरांनी लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणे. मी ते त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आमच्या कॅफेत स्पीकर नव्हते आणि हेडफोनचे वेगळे 5 रुपये पडायचे. माझ्या लम्ब्रिजमध्ये पंखा खडखडायचा, बाहेर कंडक्टर "मिरज, मिरज, मिरज" ओरडायचा, वीज गेली की यूपीएस एकसुरी टिटवीसारखा बोलायचा. मी आवाज बंद केला. तेव्हा कुठे ओळखीचं वाटलं.

आणि शांतता. झाडाभोवती पाच-सहा जण असतात, कुणी बोलत नाही. सगळे मोठे झालेत, सगळ्यांचे फोन कुठल्यातरी ओट्यावर टेकवलेले असणार, कुणाचं बाळ झोपलेलं असणार, कुणी मीटिंगमध्ये असणार. वेळ आता फुकट आहे, म्हणून कुणी तिथे नाही. मी दोनदा विचारून पाहिलं होतं, "लेव्हल?" कुऱ्हाडीचा तो टक्-टक् आवाज तेवढा. त्यामुळे त्या रात्री कुणीतरी आपणहून विचारलं आणि नेमका मी त्या पाच-सहांतला एक निघालो.

त्या आठवड्यात भावाला फोन केला. तो कुपवाडच्या एमआयडीसीत असतो, शिफ्ट सुटली की बोलतो. सांगलीचं ते कॅफे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे, 2019 च्या पुरात गाळ्यात पाणी शिरलं तेव्हापासून, ही बातमी त्यानंच दिली. मी म्हटलं, अरे तो खेळ आठवतो? तो खो-खो हसायला लागला. "लका, तू मला किती केळी तोडायला लावलीस!" मी म्हटलं, सुरुवात तू केलीस. "मी? मी केली? हां, मीच केली बहुतेक." मग सँडविचवाली झाली, शिव्या झाल्या, मामीचं ते 'हलत तर नाहीये' झालं. मी आवंढा गिळून म्हटलं, आणि चिलखत? "ते त्या पोरानं ढापलं न्हवं का," तो म्हणाला, अगदी सहज, पाऊस पडला होता म्हणावं तसं. "आता पंचायत समितीला आहे तो. बोलतोय की चांगलं. मी कधी काढत नाही तो विषय." आणि लगेच, "पासवर्ड पाठव तुझा. नाइट शिफ्टला झोप येते."

मी पाठवला. दुसरं काही बोललो नाही.

आज सकाळी चहा घेत लॉगिन झालो. माणूस करामजाच्या वाळूत उभा. बँकेतले माझे 700 विलोचे ओंडके गायब, डोक्यावर कुठलीशी निळी टोपी, पिशवीत लॉबस्टर पकडायचा पिंजरा, ज्याला लेव्हल 40 लागते आणि आमची आहे 11. नाणी शून्य. व्हॉट्सअॅपवर पहाटे 4 वाजून 12 मिनिटांनी आलेला मेसेज, दोनच शब्दांचा: 'केळी तोड.'

बागेकडे चालत गेलो. आता केळं झटक्यात तुटतं, मिनिट लागत नाही. पहिल्या झाडाची पाच झाली. मग खेळ तसाच ठेवून त्याला लिहिलं, 'चिलखत त्या पोरानं नव्हतं ढापलं. मी दिलं होतं, माझ्या हातानं. तेव्हा तुला खोटं बोललो.' पाठवलं. दोन करड्या खुणा उमटल्या. रात्रपाळीहून आलेला माणूस, झोपला असेल. दुसऱ्या झाडाची पाच तोडली, खोक्यात टाकली, लुथसनं 30 नाणी मोजून दिली. धक्क्यावर आलो. खुणा निळ्या झाल्या होत्या. वर 'टायपिंग' दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं, गेलं. जकातवाला विचारत होता, झडती द्यायची का. चहावर साय धरली होती. मी नाणी हातात घेऊन तिथेच उभा होतो.